ब्रेकवरची चमक

"अहो, गाडीची आंघोळ झाली असेल तर घरातल्या माणसांकडेही बघा जरा," बायको दारातून म्हणाली. "दोनदा गरम केलाय चहा."

"मेण लावलंय आत्ताच. वेळेवर पुसलं नाही तर डाग धरतं."

"धरू दे. आम्हालाही कधीतरी असं जपलं असतंत तर आम्हीपण चकाकलो असतो."

बॉनेटच्या वीतभर तुकड्यावर चकाचकराव बोटांनी लहान लहान गोल काढत होते. मेण दुधाळ दिसू लागलं की लवदार फडकं घ्यायचं, अलगद पुसायचं आणि मगच पुढच्या तुकड्याला हात घालायचा. सावली सरकली की स्टूल ओढून तिच्या मागे जायचं, कारण तापल्या पत्र्यावर मेण लावलं की ते तिथेच चिकटून बसतं. ही अक्कल त्यांना फुकट आलेली नव्हती. पहिल्या खेपेला भर उन्हात अख्ख्या टपावर मेण फासून त्यांनी असे पांढरे चट्टे पाडले होते, की गाडीला काही रोग झालाय का असं लोक विचारत होते.

चकाचकराव हे नाव त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते समोरच्या घरातल्या निवृत्त कंपाउंडरने ठेवलं आणि गल्लीने उचललं. आत्ताही कंपाउंडर कठड्यावर ओणवे होऊन विचारत होते, "काय चकाचकराव, घरातला आरसा फुटलाय आमचा. येऊ का तुमच्या गाडीच्या दारात बघून दाढी करायला?"

"या की. पण साबण खाली सांडू नका."

हसायला ते हसले. पण आतून त्यांना हे नाव टोचायचं. जन्मभर त्यांनी हाच पिकअप चालवला होता. काचा, कपाटं, रंगाचे डबे, कधी कोणाच्या बिऱ्हाडाचं सगळं सामान. त्या काळात गाडीवर बोटभर धूळ असे आणि त्यांना कोणी चकाचकराव म्हणत नसे, ड्रायव्हरसाहेब म्हणत. मग डावा गुडघा गेला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरने फोटो काढून बघितला आणि गाडी बंद म्हणून सांगितलं. गाडी विकायची की ठेवायची यावर घरात काथ्याकूट चालला असताना बबीने, त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, खुंटीवरची किल्ली काढली आणि म्हणाली, "मी चालवते."

त्यांनी अगदी आकाशपाताळ एक केलं. बाईमाणसाचं काम आहे का हे, माल कोण चढवणार, वाटेत टायर बसला तर काय, लोक काय म्हणतील. शेवटचं कारण त्यांनी सगळ्यात हळू आवाजात सांगितलं होतं. पण खरं तेच होतं. बाप घरात बसून आहे आणि पोरगी पिकअप हाकतेय हे चित्र त्यांना सोसत नव्हतं. बबीने ऐकलं नाही. मग ते जाईल तिथे बोलत सुटले. काचांच्या वखारीचा मालक त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्या गल्ल्यापाशी बसून ते म्हणाले होते, "पोरीचं काही खरं नाही. आज ना उद्या कुठेतरी ठोकणार बघा." काचवाला हसला होता. तेही हसले होते. बोलून टाकलं की बरं वाटायचं.

बबीने मात्र कुठे ठोकलं नाही. वर्ष उलटलं. ती सकाळी जायची, संध्याकाळी केसांत धूळ घेऊन यायची आणि जेवताना वाटेतल्या गमतीजमती सांगायची. गाडीतलं सगळं बापाला ठाऊक, पण आता विचारत कोणी नव्हतं. मग एका रविवारी ते बादली घेऊन खाली उतरले. घरात बसून खातो असं कोणी म्हणू नये, एवढाच हिशेब. हळूहळू साबण, मेण, काचांसाठी वेगळं फडकं, टायर काळेभोर करणारं तेलकट पॉलिश, असा सगळा संसार त्यांनी जिन्याखाली थाटला.

चहा दोनदा गरम झाला त्या रविवारी गाडीचं बाहेरचं आटपलं तेव्हा टायरच्या पॉलिशची बाटली बरीच उरली होती. ते दार उघडून आत वाकले. डॅशबोर्डवर हात फिरवला. तो नव्यासारखा झाला. पायाखालचे रबरी गालिचे काळे कुळकुळीत झाले. मग नजर पेडलांवर गेली. ब्रेकचं रबर उजव्या कडेला झिजलं होतं. ती झीज त्यांच्याच पायाची होती. बबीचा पाय इतक्यात काय झिजवणार! त्यांना एकदम भरून आलं. करडं पडलेलं, मातीने माखलेलं ते रबर त्यांनी आधी ओल्या फडक्याने पुसलं, मग पॉलिशचे चार थेंब टाकून चांगलं चोळलं. मग क्लचला चोळलं. पेडलं चमकू लागली. जन्मभर ज्याने त्यावर पाय ठेवला त्या माणसाला तेव्हा जे सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, उद्या दार उघडलं की बबी काय म्हणेल.

सोमवारी सकाळी बबीने दार उघडलं आणि खरंच म्हणाली, "बाबा! ही गाडी आहे की नवरी?"

"काचेचा माल आहे ना आज? सावकाश जा," ते म्हणाले. दिवस फार चांगला सुरू झाला होता.

फोन दुपारच्या आत आला. काचवाल्याच्या माणसाचा. गाडी ठोकलीय, मुलगी ठीक आहे, तुम्ही या. पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. कंपाउंडरनी स्कूटर काढली. वाटभर कंपाउंडर "काही होत नाही हो, काही होत नाही" म्हणत होते, आणि चकाचकराव मागे बसून मनात म्हणत होते, मी सांगितलं होतं, मी सांगितलंच होतं. खोटं कशाला बोलायचं, त्या भीतीत आपलं खरं झाल्याचं कणभर समाधानही होतं.

वखारीचं आवार आत शेडकडे उतरतं. शेडच्या तोंडाशी काचा तिरक्या उभ्या करायची मोठी लाकडी चौकट होती. पिकअपचा मागचा फाळका तिच्यात घुसला होता आणि आवारभर काचच काच पसरली होती. काचवाल्याचा एक कामगार पायरीवर बसून कोपराला फडकं बांधून घेत होता. बबी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या केसांत काचेचे बारीक तुकडे होते आणि ते तिला माहीत नव्हतं.

"मी ब्रेकच दाबला होता बाबा," ती म्हणाली. "मागे बघत उतारावरून रिव्हर्स घेत होते. दाबला आणि पाय सटकला. वाटेतपण एकदा सटकल्यासारखा झाला होता. म्हटलं, बुटाला चिखल असेल."

"काच गेली खड्ड्यात," काचवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "काच फुटायचीच. पण माझ्या माणसाने बाजूला उडी मारली नसती, तर आज चौकटीखाली होता. तुम्हीच म्हणाला होतात ना मला, ठोकणार म्हणून? मी तुमच्या तोंडाकडे बघून तिला काम देत राहिलो."

बबीने बापाकडे बघितलं. हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

चकाचकराव गाडीकडे गेले. दार उघडून, सवयीने, एक पाय आत ठेवून वाकले आणि त्यांनी ब्रेकवर हात ठेवला. बोट सर्रकन घसरलं. त्यांनी अंगठा बोटावर चोळून पाहिला. तेलकट होता. वास ओळखीचा होता. एखादं पोर नवीन गाडी शिकायला आलं की त्याला पहिली गोष्ट ते सांगत, चप्पल पुसून पाय ठेव. आणि त्यांनीच तिथे तेल चोळलं होतं, हौसेने, जीव लावून.

ते सरळ झाले. काचवाला बघत होता, कामगार बघत होता, कंपाउंडर स्कूटर धरून बघत होते. बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य होतं फक्त. पण त्या वाक्याच्या पलीकडे सगळा बाजार हसताना त्यांना दिसला, बघा बघा ड्रायव्हरसाहेब, ब्रेकला पॉलिश लावतात. आणि ते म्हणाले, "चुकलं पोरीचं. पदरात घ्या."

बबीने मान खाली घातली.

ती गाडी चालवायला तयार होईना. शेवटी तेच बसले. गुडघ्यातून कळा निघत होत्या, क्लचवरून पाय घसरत होता, ब्रेक ते टाचेने दाबत होते. बबी शेजारी हाताची घडी घालून बसली होती. एका वळणावर ती म्हणाली, "तुम्हाला बरोबर जमतंय. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं." ते रस्त्याकडे बघत राहिले. गाडीत दोघंच होते, कोणी हसणारं नव्हतं, तरी बोलले नाहीत. हे त्यांना नंतर सगळ्यात जास्त छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बबी आणि तिची आई बाहेर गेल्या तेव्हा त्यांनी साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने पेडलं घासली. पुन्हा करडी, खरखरीत होईपर्यंत घासली. चोराने करावं तसं, अधूनमधून गल्लीच्या तोंडाकडे बघत. कंपाउंडर गॅलरीत आले तेव्हा त्यांनी उगीचच हातातल्या काथ्याने दाराची कड घासायला घेतली.

किल्ली खुंटीवर राहिली. बबी घरात असायची आणि नसल्यासारखी असायची. कुठल्याशा दुकानात हिशेबनीस हवी आहे, तिकडे विचारून येते म्हणाली. जेवताना वाटेतल्या गमती सांगणारं आता कोणी उरलं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा होई.

"तुम्ही काहीतरी बोला तिच्याशी," बायको एकदा म्हणाली. "तुमच्याच तोंडून ऐकायचंय तिला. नुसतं म्हणा की होतं असं कधी कधी."

"म्हणतो," ते म्हणाले. आणि खरंच ते बबीच्या खोलीपर्यंत गेले. ती पाठमोरी बसली होती. त्यांनी विचारलं, "पंखा लावू का?" ती नको म्हणाली. ते परत आले.

मग एका संध्याकाळी काचवालाच घरी आला. माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची ओढली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गाडी उभी ठेवून काय उपयोग? माझ्याकडे एक ड्रायव्हर आहे, बरा आहे. गाडी तुमची, चालवेल तो. तुमचंही घर चालेल, माझाही माल जाईल."

चकाचकरावांनी बबीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती.

"द्या ना," ती म्हणाली. "चांगलंच आहे. मला नाहीच जमत ते. त्या दिवसापासून मी शंभरदा आठवून बघितलं, पाय कुठे ठेवला होता, कसा ठेवला होता. काही आठवतच नाही. ज्याला स्वतःचा पाय कुठे आहे ते कळत नाही त्याने गाडीत बसूच नये. बाबा आधीपासून म्हणत होते तेच खरं होतं."

हे ती रागाने म्हणाली असती तर ते कदाचित गप्प राहिले असते. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. तिला ते पटलं होतं.

"मी ब्रेकला पॉलिश लावलं होतं," चकाचकराव म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. बायको म्हणाली, "काय लावलं होतं?"

"टायरचं पॉलिश. आदल्या दिवशी. ब्रेकला आणि क्लचला. उरलं होतं म्हणून. तेलकट असतं ते. तिच्या जागी कोणीही असतं तरी पाय घसरला असता. हिचं काही चुकलं नव्हतं."

काचवाला आधी हसला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला. "तुम्ही? इतकी वर्षं गाडी चालवून? अहो, लहान पोरालापण कळतं..." पुढचं त्याने गिळलं आणि पाण्याचा रिकामा पेला उगीच तोंडाला लावला.

चकाचकरावांना वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. हसं व्हायचं ते होईल, पण सुटका होईल. ते मान वर करणार तोच बबीने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. काल कळलं, आत्ता आठवलं, काहीही चाललं असतं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "तिथेच. हात लावून बघितला तेव्हा."

"म्हणजे पदरात घ्या म्हणालात, त्याच्या आधी."

"हो."

बबी खुंटीपाशी गेली, किल्ली काढली आणि काचवाल्याला म्हणाली, "काका, उद्या माल असेल तर सांगा. मीच येईन." काचवाल्याने चकाचकरावांकडे न बघताच मान हलवली. बायको चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गॅसचा आवाजसुद्धा येत नव्हता.

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. जिन्याखालच्या बाटल्या बायकोने कुठे टाकल्या ते त्यांनी विचारलं नाही. बॉनेटवर धूळ बसली, फाळक्यावर पोरांनी बोटांनी चित्रं काढली. कंपाउंडर समोरून येताना दिसले की ते आत वळत. गोष्ट गल्लीत फुटली होती की नव्हती कोण जाणे. पण कंपाउंडरनी त्यांना चकाचकराव म्हणणं सोडलं होतं, आणि त्यावरून जे समजायचं ते त्यांना समजलं होतं.

बबी त्यांच्याशी नीट बोलायची. जेवलात का, गुडघा कसा आहे, गोळी घेतली का. कुठेही खोट काढायला जागा नाही. आणि मग एका शनिवारी तीच म्हणाली, "बाबा, गाडी फारच कळकट झालीय. उद्या पुसाल का?"

त्यांचा जीव भांड्यात पडला. रविवारी उजाडताच ते बादली घेऊन खाली उतरले. नुसत्या पाण्याने धुतली, कोरडी केली, सावलीत स्टूल टाकून थोडंसं मेणही लावलं. गाडीचं दार मात्र उघडलं नाही. बबी खिडकीतून बघत होती. सोमवारी निघताना ती गाडीत बसली, दार लावलं, काचेतून हात हलवला आणि सरळ निघून गेली. कुठे वाकून बघितलं नाही, की काही तपासलं नाही. ते दारात उभे राहिले. असंच दर रविवारी आणि दर सोमवारी होऊ लागलं. माफ केलंन पोरीने, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा. बायको म्हणाली, "पोरगी कोणाची आहे!"

एका सकाळी बबी निघून गेली आणि जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. "वखारीकडच्या मोठ्या रस्त्याला लागताना थांबावं लागतं तिला, गाठतो मी," असं म्हणत ते डबा घेऊन निघाले. गुडघा ओढत, भिंतीला हात लावत, गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वळणाच्या पलीकडचं घरातून दिसत नाही. कोपऱ्यावर पोहोचून त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पिकअप भिंतीकडेला उभा होता. दार सताड उघडं होतं. बबी रस्त्यावर उकिडवी बसून, एक हात सीटवर टेकून, कोरड्या फडक्याने ब्रेकचं पेडल घासत होती. खूप जोर लावून घासत होती. मग क्लच घासला. मग फडकं खांद्यावर टाकून तिने तळवा पेडलवर दाबून सरकवून पाहिला, उचलला, उजेडात धरला, बोटांना बोटं चोळली. घाई नव्हती. रोज करायच्या कामाला असतो तसा हात बसला होता तिचा.

आणि हे सगळं तिने वळणाच्या अलीकडे, घरासमोर, कधीच केलं नव्हतं.

चकाचकराव डबा पोटाशी धरून उभे राहिले. चार पावलांवर पोर होती. हाक मारली असती तर तिला जेवण मिळालं असतं. पण मग तिने वर बघितलं असतं, आणि बापाने पाहिलं हे तिला कळलं असतं, आणि मग इतके दिवस तिने जे झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं असतं. ते भिंतीच्या आड सरकले. दार लागल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

"गाठलीत का?" बायकोने विचारलं.

"नाही. पुढे गेली होती."

दुपारी बायकोने तोच डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. ती गरम करून देते म्हणाली. ते नको म्हणाले. सगळं गार झालं होतं. त्यांनी ते मुकाट्याने, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.